नाकाचा शेंडा कुणाच्या हातात?

यंत्र आता तोंडाचा नुसता फोटो काढत नाही, साचाच काढतं. चेहऱ्यावर उजेडाचे ठिपके मारायचे आणि प्रत्येक ठिपका किती खोल पडला ते मोजायचं. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये असे ३०,००० च्या वर ठिपके. मग साच्यात खुणा शोधायच्या: नाकाचा शेंडा, नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांचे आतले कोपरे. शेंडा घुमटासारखा, कोपरा खड्ड्यासारखा. मान वळली की एक कोपरा नाकाआड जातो आणि यंत्राची पंचाईत होते.

आपलीच इंजिनियर झालेली पोरं सांगतात, "दादा, साच्यात रंग नसतोच. फक्त आकार. मग भेदभाव कसला?"

वा रे पठ्ठे! अरे, हर्बर्ट रिस्लेची भिस्त तरी कशावर होती? आकारावरच. नाकाची रुंदी गुणिले शंभर, भागिले उंची. १८९१ साली त्यानं बंगालच्या जातींवर ग्रंथ छापला, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला, आणि ठोकून दिलं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. च्यायला, माणुसकीची इयत्ता नाकपुडीवर!

बाबासाहेबांनी ती पट्टी फेकली नाही. १९४८ च्या 'दि अनटचेबल्स'मध्ये घुर्यांनी मांडलेले नाकाचेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं, बामण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत. त्यांच्याच पट्टीनं त्यांचं थोबाड फोडलं.

आता यंत्राला खरा शेंडा कोण दाखवतं? माणूसच. तो माऊस घेऊन साच्यांवर हातानं खुणा करतो, आणि यंत्र तिथून किती मिलिमीटर चुकलं ते मोजतात. पण ती तोंडं कुणाची? अमेरिकेत २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन काळ्या बायांनी साधे फोटो घेऊन मोठ्या कंपन्यांची यंत्रं तपासली. बाई की बाप्या, एवढंच ओळखायचं होतं. सावळ्या-काळ्या बायांबाबत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत, गोऱ्या पुरुषांबाबत फार तर ०.८. नुसती सरासरी छापली असती तर हे सगळं झाकून गेलं असतं.

इकडं २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं अटकेतल्या माणसाचे फोटो, बुबुळं, मापं घ्यायला मोकळीक दिली. नोंद ७५ वर्षं ठेवायची. १९५२ साली पारध्यांच्या कपाळावरचा 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का कागदावर पुसला, पण चोरी झाली की पहिलं कुणाला उचलतात ते मी सांगायला नको. उद्या त्या नोंदीत साचाही येईल.

म्हणून पोरांनो, हे गणित शिका. यंत्र विकणारा आला की त्याला धरा आणि विचारा: खुणा कुणी केल्या, कुणाच्या तोंडांवर केल्या, मान वळल्यावर किती चुकतं, कुणाबाबत जास्त चुकतं? आणि चुकलं की कोठडीत कोण बसणार, तू का आमचं पोर?