अग्निशमन दलाचा हिशेब कोण घेणार?

व्यापारी माणूस महापालिकेच्या दारात दोनच कामांसाठी जातो. एक, कर भरायला आणि दुसरे, नोटीस आली म्हणजे. आपल्या गाळ्यापासून आगीचा बंब किती अंतरावर उभा असतो, तो आपल्या गल्लीत शिरतो काय, शिरला तर त्याला पाणी कोठून मिळते, हे विचारायला गेलेला माणूस आमच्या पाहण्यात नाही. उमेळे, नायगाव, वसई या पट्ट्यातील आमच्या कापडवाल्या, शिलाईवाल्या आणि कारीगर बांधवांची हीच तऱ्हा आहे. मालाचा भाव पैशापर्यंत तोंडपाठ, पण ज्या एका रात्रीत सारा माल, आणि खुदा न करो, माणसेही जाऊ शकतात, त्या रात्रीची तजवीज काय, यावर सगळे गप्प.

आम्ही हे आज लिहीत आहोत त्याला कारण आहे. आपल्याच महापालिकेच्या हद्दीत, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे १३ रुग्ण त्याच दिवशी दगावले. त्याच्या साडेतीन महिने आधी, ९ जानेवारीला, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके अशाच आगीत गेली होती. भंडाऱ्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले होते. आदेश निघाले, कागद फिरले, आणि तरीही विरार घडले. पुढे २७ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ माणसे गेली. इमारत बेकायदेशीर होती. वस्ती इतकी दाट की अवजड यंत्रे आत न्यायला वेळ लागला आणि सुरुवातीला ढिगारा हातांनी उपसावा लागला.

या दोन्ही घटना घडल्या तेव्हा वसई-विरार महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. जुन्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेपाच वर्षे प्रशासकाचा कारभार होता. महासभा नाही, स्थायी समिती नाही, प्रश्न विचारणारा कोणी नाही. अग्निशमन दलाकडे किती गाड्या चालू आहेत आणि किती दुरुस्तीला उभ्या आहेत, हे अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला सांगायचे आणि अधिकाऱ्यानेच मान डोलवायची. आता ११५ जणांचे सभागृह पुन्हा बसले आहे. मात्र नगरसेवक आले म्हणून सारे ठीक होईल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. रमाबाई अपार्टमेंट बांधली गेली ती २०१२ च्या सुमारास, आणि तेव्हा सभागृह होते, समित्या होत्या, सर्व काही होते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची सक्तीची कर्तव्ये दिली आहेत आणि अग्निशमन त्यांत येते. म्हणजे बाग किंवा नाट्यगृह यांसारखे ते ऐच्छिक काम नव्हे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यातही अग्निशमन सेवा हा विषय शहरांच्या पालिकांकडे सोपवलेला आहे. त्यानंतर आला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. या कायद्याने आगीपासून बचावाची साधने बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जिम्मेदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र पालिकेच्या अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. अधिकाऱ्याने स्वतः तपासणी करावी, दोष असेल तर नोटीस द्यावी, धोका मोठा असेल तर जागा बंद करावी, असे अधिकारही त्याच कायद्यात आहेत.

वाचायला हे उत्तम आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले की त्यातली मेख लगेच कळते. एजन्सीला पैसे कोण देतो? ज्याची तपासणी व्हायची तोच. आमच्या बाजारात दलाल जर विकणाऱ्याकडूनच पैसे घेऊन मालाचा दर्जा ठरवू लागला, तर त्या दर्जावर कोणता पेढीवाला विश्वास ठेवील? म्हणून प्रमाणपत्रावर भागत नाही. दहा प्रमाणपत्रांमागे एक-दोन ठिकाणी अधिकाऱ्याने न सांगता जाऊन पाहिले पाहिजे आणि काय दिसले ते लोकांसमोर ठेवले पाहिजे. आणि अधिकारी जातो की नाही, हे पाहणारा त्याच्यावर आणखी कोणी हवा. आपल्या मागण्यांत नेमके हेच राहून जाते. आपण इन्स्पेक्टरला दूषणे देतो, पण त्या इन्स्पेक्टरची तपासणी कोणी करावी हे मागत नाही.

आमच्या इतिहासात याला नाव आहे. इस्लामी शहरांतून मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरत असे. वजन-माप तपासणे, भेसळ पकडणे, रस्त्यावर पुढे आलेली बांधकामे हटवणे, ही त्याची कामे. अल-मावर्दीने अकराव्या शतकात राज्यकारभारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या पदाला स्वतंत्र प्रकरण आहे आणि मुहतसिब कसा असावा याच्या शर्तीही आहेत. मुहतसिबचे पद ही अमानत समजली जाई. आपल्याकडे मात्र इन्स्पेक्टर या शब्दाबरोबर पहिला विचार खिशाचा येतो. हा दोष त्याचा तितकाच आपलाही आहे.

आता आपल्या धंद्याकडे वळू. सुती कापडाची आग आतल्या आत धुमसते. तागा वरून विझलेला दिसतो आणि दोन तासांनी पुन्हा पेट घेतो. पॉलिस्टर वितळून गळते, अंगाला चिकटते आणि त्याचा धूर माणसाला चार पावलेही चालू देत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोट झाला, तेव्हा त्या जहाजावर दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गासड्या होत्या. त्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

अलीकडची उदाहरणे तर आपल्या घरातली आहेत. ३ एप्रिल २०२४, रमजानचा महिना. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे एका कपड्याच्या दुकानाला आग लागली. आग खाली, घर वर. ज्वाळा वरच्या मजल्यावर पोहोचल्या नाहीत, धूर पोहोचला. एकाच मुस्लिम घरातील ७ जण गुदमरून गेले, त्यांत दोन मुले. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे त्याच शहराजवळ वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले ६ कामगार गेले. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि मालक, त्यांच्या घरची माणसे व कामगार असे ८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक तान्हे मूलही होते. तिन्ही ठिकाणी वेळ पहाटेची, आणि तिन्ही ठिकाणी जेथे माल तेथेच माणसांचे झोपणे. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ रोजी ४३ कामगार गेले, तीही झोपेतलीच गोष्ट.

बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कारीगर गाळ्यात झोपतो, कारण त्याला खोलीचे भाडे परवडत नाही आणि शेठलाही राखणदार फुकटात मिळतो. रात्री शटर बाहेरून कुलूपबंद. आत चिंध्यांचा ढीग, ओव्हरलॉक मशीनखाली तेलाने भिजलेला रुवा, इस्त्रीची वायर एकाच बोर्डावर, डाग काढण्याच्या केमिकलचा कॅन कोपऱ्यात, आणि आता नवीन भर म्हणजे चार्जिंगला लावलेली बॅटरीची स्कूटर. बाहेरून कुलूप लावणे बंद करायला कोणत्याही पालिकेची परवानगी लागत नाही. झोपताना दिवे विझवा, आगीला जागती ठेवून झोपू नका, ही ताकीद आपल्याला चौदाशे वर्षांपासून आहे.

पण ज्या गोष्टी गाळेवाला एकट्याने करू शकत नाही, त्यांचे काय? केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा दंडक असा की शहरात बंब ५ ते ७ मिनिटांत पोहोचावा आणि साधारण १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर होती. त्यानंतर किती वाढली ते नायगाव स्टेशनवर सकाळी आठ वाजता उभे राहून पाहावे. उमेळ्यासारख्या जुन्या गावांचे रस्ते बैलगाडीच्या मापाचे, त्यांच्या दोन्ही बाजूंना इमारती, आणि मध्ये उभी वाहने. रेल्वेच्या एका बाजूचा बंब दुसऱ्या बाजूला यायचा तर पूल गाठायला हवा. गर्दीच्या वेळी या रस्त्याने ५ मिनिटांत काय काय होते, ते आम्ही रोज माल नेताना पाहतो. अग्निशमन सेवेच्या विस्तारासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना राज्यांसाठी जाहीर केली आहे. त्यातून आपल्या शहराला काय मिळाले, हा प्रश्न सभागृहात आता विचारता येतो.

याहून मोठा मसला वेगळा आहे आणि तो कोणी बोलत नाही. आपल्या पुष्कळ कारीगरांचे गाळे भाड्याचे आहेत. त्यांतील कितीतरी इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नाही. कागद पुरे नाहीत म्हणून अग्निशमनचा दाखला नाही, आणि दाखला मागायला जावे तर भीती अशी की अर्ज हातात पडताच बांधकामाची फाईल उघडेल. म्हणून गाळेवाला लपून राहतो. परिणाम असा की ज्या जागेत धोका सर्वांत जास्त, तीच जागा तपासणीच्या बाहेर राहते. चांगल्या इमारतीत अधिकारी जातो, तेथे पंप असतो, पाइप असतो, सही होते. पत्र्याच्या गाळ्यात तीस मशीन आणि पंधरा माणसे, तेथे कोणी जात नाही.

पालिका म्हणेल, बेकायदेशीर जागेची तपासणी करणे म्हणजे तिला मान्यता देणे. हे आम्हांला पटत नाही. त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये बेकायदेशीर बांधकामावर कर आणि त्यावर दंड वसूल करण्याची तरतूद आहे, आणि ही वसुली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असे तेथेच लिहून ठेवले आहे. पैसे घेताना जे वाक्य चालते, ते माणसांचा जीव वाचवताना का चालू नये? तपासणीच्या अर्जावर तेच वाक्य छापा, की ही नोंद म्हणजे बांधकामास मंजुरी नव्हे. मग अधिकाऱ्याने पत्र्याच्या गाळ्यातही जाऊन पाहावे. दुसरा दरवाजा काढायला लावावा, सिलिंडर टांगायला लावावे, वायरिंग बदलायला लावावे, आत झोपणे बंद करावे. बांधकामाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. बेकायदेशीर इमारतींना अभय द्या असे आमचे म्हणणे नाही. रमाबाई अपार्टमेंटनंतर ते कोणी म्हणू नये. निकाल लागेपर्यंत आतली माणसे जिवंत राहावीत एवढेच आम्ही मागतो.

काही बांधव म्हणतील, विमा आहे ना. विमा शरीअतच्या दृष्टीने जायज की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांना इतकेच सांगतो की १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे. मालाची किंमत कमी दाखवली तर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ती सोडून देते, त्यापुढे दावा कापला जातो. मालाची किंमत निम्मी दाखवून हप्ता वाचवणाऱ्याला दावाही निम्माच मिळेल. मेलेल्या कारीगराचा हिशेब मात्र कोणत्याही पॉलिसीत बसत नाही.

आता करायचे काय? प्रभाग समितीच्या बैठकीत नगरसेवक बसतात. तेथे दर तीन महिन्यांनी अग्निशमन अधिकाऱ्याने येऊन सांगावे की या प्रभागात किती वर्द्या आल्या, प्रत्येक वर्दीला बंब किती मिनिटांत पोहोचला, किती जागा तपासल्या, किती नोटिसा दिल्या आणि नोटिशीनंतर पुढे काय झाले. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. रमाबाई अपार्टमेंटलाही पालिकेची नोटीस गेलेली होती. नोटीस देऊन अधिकारी मोकळा होतो, नोटीस फाईलला लावून मालक मोकळा होतो, आणि इमारत तशीच उभी राहते.

नगरसेवकाने ऐकले नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात लांबलचक तक्रार लिहू नये, लिहिली की उत्तर टाळायला जागा मिळते. चार ओळी पुरेत. उमेळे व नायगावसाठी सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र कोणते आणि तेथे गाड्या व जवान किती. गेल्या वर्षी या भागातील वर्द्यांना पोहोचायला लागलेला वेळ. बंबासाठी पाणी भरण्याच्या जागा कोठे आणि त्या शेवटी कधी तपासल्या. जानेवारी व जुलैमध्ये किती प्रमाणपत्रे आली आणि त्यांतील किती जागा अधिकाऱ्याने स्वतः पाहिल्या. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्या पिढीला सरकारी मराठीचा धसका असतो, आम्हांलाही होता. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीकडून अर्ज लिहून घ्यावा, खाली आपली सही करावी, आणि आवक-जावक खिडकीवरून शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय परत येऊ नये.