कॉलम आखूड करा, विषाचा अहवाल लवकर मिळेल

कामरगाव परिसरात सोयाबीन, तूर, कपाशीवर फवारणी ठरलेलीच. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. उपचार लक्षणांवरून लगेच सुरू होतात; पण विष नेमके कोणते, हे शोधायला अनेकदा जीसी-एमएस हे यंत्र लागते.

यंत्र कसे चालते?
नमुन्याची वाफ केसासारख्या बारीक पोकळीच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून जाते. त्यात घटक वेगळे होतात, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांची ओळख पटवतो. नेहमीचा कॉलम ३० मीटर लांब, आतून ०.२५ मिलिमीटर. एका नमुन्याला अर्धा तासही जातो.

वेग कसा वाढेल?
कॉलमची लांबी निम्मी केली, तर वेळ साधारण निम्मा होतो. घटक वेगळे करण्याची क्षमता मात्र ३० टक्क्यांच्या आसपासच घटते. १० मीटर लांब, ०.१ मिलिमीटरचा कॉलम तीही घट बरीचशी भरून काढतो. हेलियमऐवजी हायड्रोजन वापरल्यास आणखी वेळ वाचतो, फक्त गळतीवर लक्ष हवे.

मर्यादा काय?
पॅराक्वाटसारखी वाफ न होणारी विषे यात थेट सापडत नाहीत.

तरीही प्रयोगशाळांनी नव्या यंत्राच्या मंजुरीची वाट पाहत बसू नये. आधी कॉलम बदलावा, पद्धत तपासून प्रमाणित करावी. पुढची फवारणी सुरू होण्याआधी अहवाल आला, तरच गाव सावध होईल.