मनगटावरचा मुकादम

तिलवाऱ्याच्या घाटावर ड्युटी संपवून चार रेल्वेवाले बसलो की बोलणे जीपीएस यंत्रावर येतेच. कीमन आणि पेट्रोलमनच्या अंगावर प्रशासनाने ते लटकवले. उपग्रहाच्या रेडिओ लहरींवरून ते जागा ठरवते आणि मोबाइल टॉवरमार्फत साहेबाच्या पडद्यावर पाठवते. कटिंगमध्ये, बोगद्यात लहर तुटली की पडद्यावर माणूस थांबलेला दिसतो. तो मात्र पाना-हातोडा घेऊन चालतच असतो! खुलासा कोणाकडे मागणार? यंत्राकडे नक्कीच नाही.

गेल्या दशकात नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर अशीच घड्याळे बांधली. पोस्टमनच्या हातातला मोबाइलही वाटपाची जागा टिपतो.

यंत्राला आमचा विरोध नाही. गाडी येत असल्याचा इशारा ट्रॅकमनला देणारे 'रक्षक'ही रेडिओ लहरींवरच चालते. मग ते प्रत्येक गँगकडे का नाही? पाळतीला पैसा आहे, जिवाला नाही?

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ड्युटी संपताच यंत्र बंद, नोंदीची प्रत कामगाराला आणि केवळ त्या नोंदीवर चार्जशीट नाही, एवढे लेखी मिळेपर्यंत रेल्वेतील शाखांनी हा विषय प्रत्येक पीएनएम बैठकीत मांडावा.