भंगारात काढण्याआधी एक रविवार द्या!



मुलींच्या वसतिगृहाच्या कॉमन रूममधला होम थिएटरचा संच 'निकामी' ठरवून भंगारात काढावा आणि फंडाच्या पैशांतून नवा साउंडबार घ्यावा, असा प्रस्ताव सध्या हॉस्टेल कमिटीपुढे आहे. बहुतेक जणींचा त्याला पाठिंबा आहे. माझा नाही. वॉर्डन मॅडमची परवानगी घेऊन मी मागच्या आठवड्यात रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून पाहिला. पाचही स्पीकर बोलले, सबवूफरही बोलला. म्हणजे डबा जिवंत आहे. तो बिघडलेला नाही, तो कधी नीट लावलाच गेलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या इमारतीत सगळ्याच इंजिनिअरिंग शिकतात, तिथे यावर चर्चा न होता थेट खरेदीची चर्चा व्हावी, याचं मला वाईट वाटतं.

तक्रार काय आहे? "मारामारी कानठळ्या बसवते आणि संवाद ऐकूच येत नाहीत." तक्रार शंभर टक्के खरी आहे. मेसच्या मावशी पूर्वी रात्रीची भांडी आटोपली की अर्धा तास मालिका बघायला यायच्या. "काय म्हणाली गं ती?" असं दर दोन मिनिटांनी विचारायच्या. आता येतच नाहीत. बोलणंच कळत नसेल तर कोण येऊन बसेल? पण या तक्रारीचं कारण शोधायचं की डबा बदलायचा, हा खरा प्रश्न आहे.

आधी रिसीव्हर करतो काय, ते बघू. त्याची कामं मोजून तीन. अनेक यंत्रांतून हवं ते निवडायचं, आलेल्या सिग्नलचे वेगवेगळे चॅनल सुटे करायचे आणि प्रत्येकाला ताकद देऊन स्पीकरकडे पाठवायचं. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा जरा मागे दोन सराउंड, असे पाच पूर्ण चॅनल. 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खालच्या पट्टीतल्या दणक्यांचा वेगळा चॅनल, जो सबवूफरकडे जातो. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' डॉल्बी डिजिटलमध्ये आला, १९९३ साली 'जुरासिक पार्क' डीटीएसमध्ये. तेव्हापासून थिएटरातली ही रचना हळूहळू घरात आली. यात चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं!

आता आपला सेंटर स्पीकर कुठे आहे? टीव्हीखालच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे. संवाद आपल्या गुडघ्यांना ऐकू येत असतील कदाचित, कानांना नाही. त्याला वरच्या फळीवर, अगदी कडेला आणून तोंड जरासं कानांच्या दिशेने वर केलं तर फरक लगेच कळेल. त्यासाठी फंड लागत नाही.

दुसरं, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर ठेवलेला आहे. तसं केलं की टीव्ही ५.१ चा आवाज दोन चॅनलमध्ये गुंडाळून बाहेर देतो. रिसीव्हरला मिळतात दोनच चॅनल, मग बाकीचे स्पीकर काय करणार? तिथे 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' निवडायचं. आणि सगळेच कार्यक्रम ५.१ मध्ये नसतात हेही समजून घ्यायचं. मालिका दोन चॅनलमध्ये असेल तर रिसीव्हरवर 'स्टिरिओ'ऐवजी सराउंडचा मोड लावला की तो संवाद ओळखून मधल्या स्पीकरकडे वळवतो. मावशींसाठी हे एक बटण पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. आपले समोरचे स्पीकर बसण्याच्या जागेपासून ४ मीटरवर आणि सराउंड दीड मीटरवर आहेत. म्हणजे सराउंडचा आवाज ७ मिलिसेकंद आधीच येऊन पोचतो. रिसीव्हरच्या मेनूमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची सोय असते, ती शोभेला नसते. जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा थांबवून तो सगळ्यांना एकाच वेळी आपल्यापर्यंत पोचवतो. आपल्या मेनूमध्ये सगळी अंतरं फॅक्टरीतून आली तशीच सारखी आहेत. शिंप्याकडची मोजायची टेप आणि दहा मिनिटं, एवढाच याचा खर्च.

जागा ठरवायचा नियमही सोपा आहे. बसणाऱ्याच्या नाकासमोर शून्य अंश धरले तर समोरचे दोन स्पीकर ३० अंशांवर आणि सराउंड ११० अंशांच्या आसपास. आपले सराउंड दोन्ही एकाच भिंतीवर आहेत, कारण खिळे तिथे आधीच होते! छोट्या स्पीकरना मेनूमध्ये 'स्मॉल' सांगायचं आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवायचा. मग जड बास सबवूफर सांभाळतो आणि लहान स्पीकर मोकळेपणाने बोलतात.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तांत्रिक गोष्टी मला इंग्रजीतच सुचतात, आणि लॅबमध्ये तर नको असलेल्या प्रत्येक आवाजाला आम्ही 'नॉइज' म्हणून मोकळे होतो. पण या संचाच्या तक्रारी ऐकताना मला मराठीचं कौतुक वाटलं. कारण आपल्याकडे प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळ्या शब्दाने सांगता येतो आणि नीट सांगितला तर निदान आपोआप होतं.

'घूंऽऽ' असा एकसुरी आवाज येतो? तो बहुधा विजेचा, ५० किंवा १०० हर्ट्झचा. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घूं थांबली तर अर्थिंगचे दोन रस्ते झाले आहेत. केबलच्या वायरवर आयसोलेटर लावायचा, किंवा टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल वायर वापरायची. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. मात्र अर्थिंगची पिन कापायचा 'जुगाड' कधीही करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

'खरखर' होते? मग कुठेतरी कनेक्शन ढिलं आहे. 'फाटका' आवाज येतो? ताकदीपेक्षा जास्त व्हॉल्यूम मागितला जातो आहे. 'पोकळ' वाटतो, बास गायब आहे? एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली असणार. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो आणि दोघं मिळून बास खाऊन टाकतात. स्पीकरची वायर रिसीव्हरपासून सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. आणि रिसीव्हर 'टक्' करून बंदच पडतो? मागच्या बाजूला वायरचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलाय का ते बघा. तो बंद पडतो म्हणजे बिघडत नाही, स्वतःला वाचवतो. अर्थात हे सगळं करताना आधी मेन स्विच बंद करून प्लग काढायचा. आणि झाकण मात्र उघडायचं नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

वायरचंही तेच. सराउंडकडे गेलेली वायर बेलच्या वायरीसारखी बारीक आहे. अर्धा चौरस मिलिमीटर तांबं, १५ मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर. रेझिस्टन्स काढा, १ ओहमच्या वर जातो. ६ ओहमच्या स्पीकरसाठी हे काही थोडं नाही. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोच आकडा ०.२ वर येतो. हे गणित आपण सगळ्यांनी बारावीत सोडवलं आहे.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा दोषी म्हणजे खोली. पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये सेबिनचं सूत्र आपण चार मार्कांसाठी पाठ करतो. ते आलं कुठून? १८९५ साली हार्वर्डमध्ये एक नवा लेक्चर हॉल असा बांधला गेला होता की शिक्षक काय बोलतात ते कळतच नव्हतं. शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राहायचा. वॅलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, हॉलमध्ये ठेवल्या आणि हातात घड्याळ घेऊन प्रत्येक वेळी आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. म्हणजे ते सूत्र जन्मालाच आलं 'बोललेलं कळत नाही' या तक्रारीतून!

आता आपली कॉमन रूम. १० बाय ६ मीटर, उंची ३ मीटर, फरशी, प्लास्टर, काचा. शोषण सरासरी ०.०३ धरलं तर सूत्राप्रमाणे घुमण्याचा काळ साडेचार सेकंदांच्या आसपास येतो. १२ चौरस मीटर जाड पडदे लावले आणि वीस जणी येऊन बसल्या, तर तो सव्वा-दीड सेकंदावर उतरतो. साउंडबार आणला म्हणून खोली काही घुमायची थांबणार नाही. 'बोलणं कळत नाही' ही तक्रार नव्या डब्यासकट तिथेच राहील.

साउंडबारच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. तो लावायला सोपा असतो, वायरींचा पसारा नसतो. "जुना रिसीव्हर नव्या टीव्हीचं ४के चित्र पुढे पाठवत नाही," हेही खरं आहे. पण चित्र थेट टीव्हीला द्या आणि आवाज तेवढा ऑप्टिकलने रिसीव्हरकडे आणा, प्रश्न मिटला. आणि सगळं नीट करूनही संच बोलला नाही, तर मीच कमिटीपुढे येऊन नव्या खरेदीला हात वर करीन. पण आधी तपासा तर खरं!

मुद्दा एका डब्याचा नाही. लॅबमध्ये आपल्याला आधीच जोडून ठेवलेली किट मिळते. रीडिंग घ्यायचं, जर्नल लिहायचं, सही घ्यायची. किट चालली नाही तर शेजारच्या टेबलावरचं रीडिंग उतरवायचं. बिघाड शोधायला आपल्याला कुणी बसवतच नाही. बिघाड शोधणं म्हणजे तरी काय? साखळीचे दोन भाग करायचे, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. डावा स्पीकर गप्प आहे? त्याची वायर उजव्याला लावा. दोष वायरीबरोबर गेला तर वायर, स्पीकरपाशीच राहिला तर स्पीकर. पुढे कंपनीत आपल्याला पगार याच कामाचा मिळणार आहे. मग ते शिकायला कॉमन रूमसारखी जागा कुठे मिळेल? इथे मार्क जात नाहीत आणि नापासही कुणी करत नाही.

म्हणून कमिटीला माझी विनंती आहे. सही करण्याआधी आम्हाला एक रविवार द्या. सहा-सात जणी, एक टेप, चांगली वायर, पडदे आणि शिडी. शिक्षकांपैकी कुणी सोबत आले तर उत्तमच. काम झालं की सगळी सेटिंग्ज एका कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवू, म्हणजे पुढच्या बॅचला पुन्हा शून्यापासून सुरुवात नको. आणि संच पास झाला की नापास, ते आपण नको ठरवायला. मावशींना बोलावू, मालिका लावू. त्यांनी अर्ध्या तासात एकदाही "काय म्हणाली गं ती?" असं विचारलं नाही, की समजायचं पास!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन