सहा झाले की घरी

आज ट्रोलिंगबद्दल लिहितोय. चॅटवर कुणाला तरी उचकवतात ते नव्हे, बोटीमागे नकली मासे ओढत तळ्यात फिरतात ते :)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वीकेंड वाया जायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये लेक एरीवर वॉलाय धरायला गेलात, तर ओहायोच्या नियमाप्रमाणे माणशी सहा मासे घ्या, दोऱ्या गुंडाळा आणि घरी या. "सहा झाले, आता नुसते पकडू आणि सोडून देऊ" हे वाक्य ऐकायला फार सज्जन वाटतं. उन्हाळ्यात ते तसं नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. पाच ग्रेट लेक्सपैकी एरी सगळ्यात उथळ. तरी पसारा साधारण २५,७०० चौरस किलोमीटर! क्लीव्हलंडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर पलीकडचा कॅनडा दिसत नाही. माझ्यासारख्या मालवणकडच्या माणसाला हा समुद्रच वाटतो, फक्त खारा वास येत नाही. वॉलाय हा इथला मानाचा मासा. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे गढूळ, अंधुक पाण्यात त्याला चांगलं दिसतं. वसंतात तो मॉमी नदीत आणि पश्चिमेकडच्या उथळ खडकांवर अंडी घालतो. मग पाणी तापायला लागलं की यातले बरेच मासे पूर्वेकडे, खोल आणि थंड पाण्याकडे सरकतात.

म्हणजे जुलैत मासे नक्की कुठे? तर एवढ्या मोठ्या तळ्यात कुठेही. एका जागी गरी टाकून बसलात तर दिवस संपेल. म्हणून ट्रोलिंग.

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा नकली मासा, तोंडाशी प्लॅस्टिकचा ओठ. बोट पुढे गेली की त्या ओठावर पाणी आपटतं, आणि मासा थरथरत खाली जातो. किती खाली? ते मुख्यतः दोरी किती सोडली आणि ती किती जाड आहे यावर. म्हणून रिळावर दोरी मोजणारा काउंटर असतो. प्लेनर बोर्ड नावाच्या फळ्या दोऱ्यांना बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब नेतात, म्हणजे एका फेरीत रुंद पट्टा विंचरून निघतो. बोटीचा वेग ताशी दोन-अडीच मैल.

आता गंमत बघा. बोट वळवली की आतल्या बाजूच्या दोऱ्या मंदावतात, बाहेरच्या जोरात पळतात. मासा बाहेरच्या दोरीला लागला तर त्याचा अर्थ "वेग वाढव". आतल्या दोरीला लागला तर "कमी कर". एकाच वळणात दोन टेस्ट केसेस! खोली, वेग, रंग... एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लॉग ठेवायचा. "यात काय, तुम्ही तर नुसती बोट चालवता" असं म्हणणाऱ्यांनी एकदा सोबत यावं. हे शुद्ध डीबगिंग आहे, फक्त उन्हात.

असो. मुद्दा इथूनच सुरू होतो. डीबगिंग जमलं की ट्रोलिंग भयंकर कार्यक्षम होतं. एकदा खोली आणि वेग सापडला की मासे येतच राहतात. बोटीवर चार जण असतील तर चोवीस मासे, आणि चांगल्या दिवशी ते सकाळी दहालाच पूर्ण होतात. चार्टरचे पैसे मात्र दिवसभराचे भरलेले. मग कुणीतरी म्हणतं, थांबायचं कशाला, सोडून देत राहू. किंवा सुरुवातीपासूनच लहान सोडून मोठ्याची वाट बघत राहतात.

अडचण अशी की ऑगस्टच्या पाण्यातून वर आलेला मासा आणि मे महिन्यातला मासा यांत फार फरक आहे. एक, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे झुंजून दमलेल्या माशाला सावरायला वेळ लागतो. दोन, वॉलायच्या शरीरातल्या हवेच्या पिशवीला तोंडाकडे जाणारी नळी नसते. चाळीस फुटांवरून झपकन वर ओढला तर आतली हवा फुगते आणि ती पटकन बाहेर टाकता येत नाही. तीन, क्रँकबेटला दोन-तीन तिहेरी गळ असतात. एक तोंडात, दुसरा कल्ल्यात, तिसरा तुमच्या बोटात. ते सोडवेपर्यंत मासा हवेतच.

"पण तो शेपटी हलवत मस्त पोहत गेला की!" हो, गेला. शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला टाकायचा, दहा मिनिटं एरर आला नाही म्हणून लॅपटॉप बंद करायचा, आणि शनिवारी सगळं कोसळायचं, असं आपण कितीदा बघितलंय? पोहत जाणं म्हणजे टेस्ट पास नव्हे. मासा नंतर मरतो, तुम्ही तिथे नसता.

हे माझं एकट्याचं मत नाही, मिनेसोटात हे सरकारी हिशोबात धरतात. तिथल्या मिल लॅक्स तळ्यात सोडल्यानंतर मरणाऱ्या वॉलायचा अंदाज राज्याच्या कोट्यातून वजा होतो. २०१५ मध्ये कोटा संपला म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच वॉलायची मासेमारी बंद केली. २०१७ मध्ये तर एकही वॉलाय घरी नेता येत नव्हता, सगळे सोडायचेच होते. तरीसुद्धा जुलैत काही आठवडे मासेमारी बंद ठेवावी लागली. एकही मासा न खाता कोट्याला धोका!

यावर इथलं ठरलेलं उत्तर म्हणजे "एरीत सध्या वॉलाय भरपूर आहेत." खरं आहे, गेल्या काही वर्षांत पिल्लांची पैदास जोरदार झाली. पण २००३ सालीही ती प्रचंड झाली होती. पुढची कित्येक वर्षं ती साधारणच राहिली आणि संख्या घसरत गेली. एका चांगल्या तिमाहीवर पाच वर्षांचं बजेट कुणी करत नाही, माशांचं का करावं?

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: "मासे मारून खाण्यापेक्षा सोडणं बरं ना?" आमच्याकडे मासा धरतात तो खायला. पावसाळ्यात बंदी असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यात. या दोन्हींच्या मधलं, म्हणजे गंमत म्हणून दमवायचं आणि अर्धमेला करून परत टाकायचं, हे मला अहिंसा वाटत नाही. ताटात आलेल्या माशाचा निदान हिशोब लागतो.

तर पुढच्या शनिवारी जाणार असाल तर एवढं करा. पंधरा इंचांखालचा मासा सोडावाच लागतो, तो पाण्यातच पकडीने सोडवा, फोटो नको. नियमात बसणारे पहिले सहा ठेवा, मोठ्याच्या मागे लागू नका. मोठे बहुतेक माद्याच असतात. बर्फ जास्त न्या. पकडून सोडायचीच हौस असेल तर मे किंवा ऑक्टोबरमध्ये जा, पाणी थंड असतं. आणि कॅप्टन दहा वाजता बोट परत फिरवायला लागला तर कुरकुर करू नका, तो भला माणूस आहे.

वॉलायला काटे कमी, चव सौम्य. तिरफळाच्या आमटीत तो हरवून जातो. हळद, तिखट, मीठ, आगळ लावा, रव्यात घोळवून तळा. सहा मासे पुरतात हो.