आधी कीर्द, मग खतावणी

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या आरोंद्यात शेजारच्या काकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "फाल्यां बँकेत जातलंस तेव्हा माका घेवन जा. दाखल्यार सही करूची आसा." निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे अडकतात. हे मला कुणी शिकवायला नको; बँकेच्या नोकरीत असे दाखले मीच घेत असे.

मी लगेच मोबाईल काढला. मुलानं त्यात कामांची नोंद ठेवणारं एक ॲप घालून दिलं आहे. 'नवं काम' म्हटल्याबरोबर त्याची उलटतपासणी सुरू झाली. कोणत्या यादीत? कोणती तारीख? किती महत्त्वाचं? मराठीत 'उद्या' लिहिलं, तर ते त्याला उमगेना. तारीख शोधत होतो, तेवढ्यात मासेवालीनं हाक मारली. मोबाईल खिशात गेला आणि काकींचा दाखलाही.

पैसे आले नाहीत, तेव्हा घोटाळा उघडकीस आला. दाखला दिल्यावर थकबाकी मिळाली खरी. पण मधल्या काळात औषधांसाठी त्यांनी उसनवारी केली, हे मला तिसऱ्याकडून कळलं. काकींनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

चूक माझीच. पण ती कुठे झाली, हे हिशेबाच्या माणसाला शोधावंसं वाटतंच. आपल्याकडचा दुकानदार दिवसाचा व्यवहार घडेल तसा आधी कीर्दीत लिही आणि खात्यांची विभागणी मागाहून खतावणीत करी. गिऱ्हाईक समोर उभं असताना तो खातं शोधत बसत नसे. लुका पाचोलीनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात तर तीन वह्या सांगितल्या आहेत. त्यातली पहिली कच्ची टिपणवही. व्यवहार झाला की मालकानं, गुमास्त्यानं, लिहिता येत असल्यास घरच्या बाईनंही त्यात टिपून ठेवावं. नीटनेटकेपणा पुढच्या वह्यांत. मी मात्र कीर्द लिहायच्या वेळी खतावणी भरत बसलो होतो!

मग मी ॲपची मांडणी बदलली. 'कच्ची' नावाची एकच यादी केली आणि ती मोबाईलच्या पहिल्याच पडद्यावर आणून ठेवली. टंकण्याचाही खटाटोप नको, म्हणून माईकचं बटण दाबून बोलतो. गूगलनं २०१७ साली बोललेलं मराठी लिहून घेण्याची सोय केली. आमचं मालवणी मात्र ते अधूनमधून भलतंच ऐकतं. ऐको बापडं! संध्याकाळी मला अर्थ लागला म्हणजे झालं. तारीख, यादी, महत्त्व हे सगळं देवापाशी दिवा लागल्यावर, दहा मिनिटांत. हे संध्याकाळचं बसणं चुकलं, तर कच्ची यादी म्हणजे नुसती रद्दी.

आमच्या आया पदराला गाठ मारत. त्या गाठीवर ना तारीख, ना तपशील. पण ती मारायला क्षण पुरे, आणि रात्री पदर हाताला लागला की काम आठवे.

यंदाच्या नोव्हेंबरासाठी काकींचा दाखला आत्ताच नोंदवून ठेवला आहे. त्यांना तसं सांगितलं, तर त्या हसल्या आणि त्यांनी पदराला गाठ मारली. म्हटलं, असू दे. दोन वह्यांचा मेळ बसलेला बरा.