मोर्णेचा काठ आणि कापडाची पिशवी

अकोला शहराच्या मधून मोर्णा नावाची नदी वाहते. ती पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. नकाशावर ही रेघ मोठी डौलदार दिसते. परंतु २०१८ सालच्या प्रारंभी जो कोणी प्रत्यक्ष काठावर जाऊन उभा राही, त्याला नदी दिसे, पण पाणी दिसत नसे. जलकुंभीच्या हिरव्या थराने पात्र झाकून गेले होते आणि दोन्ही काठांवर शहराचा केरकचरा साचला होता. १३ जानेवारी २०१८ रोजी अकोल्याच्या नागरिकांनी या नदीच्या सफाईस हात घातला. सुमारे चार किलोमीटर अंतरात, चौदा ठिकाणी काम सुरू झाले. सहा हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी नदीकाठी जमली. त्यांत शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी होते, वृद्ध होते, घरची कामे बाजूला ठेवून आलेल्या गृहिणीही होत्या. नदी स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी हे काम चालू ठेवावयाचे, असे ठरले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात या कामाचा गौरवाने उल्लेख केला.

गौरव योग्यच होता. तथापि गौरवापाशी थांबले, तर नदीची खरी कहाणी अर्धीच राहते.

जलकुंभी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. तिला वाढण्यासाठी जे खाद्य लागते, ते शहराच्या सांडपाण्यात भरपूर असते. ती उपटून काठावर टाकली, पण नाल्यांतून येणारे सांडपाणी तसेच येत राहिले, तर थोड्याच काळात ती पुन्हा पात्र व्यापते. तिच्या दाट थराखाली पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे तडफडून मरतात. प्लॅस्टिकची गोष्ट याहून वाईट आहे. जलकुंभी निदान कुजते तरी. प्लॅस्टिक कुजत नाही. त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात आणि ते कण पाण्यात व मातीत राहतात. भाजीच्या साली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उकिरड्यावर फेकल्या, म्हणजे गाय त्या सालींसह पिशवीही गिळते, आणि ती पिशवी तिच्या पोटातून बाहेर पडत नाही. मुक्या जनावराला तक्रार करता येत नाही, एवढ्यामुळेच हा प्रकार इतकी वर्षे चालला असावा.

म्हणजे नदी उपसणारे हात सहा हजार असले, तरी तिच्यात टाकणारे हात त्याहून कितीतरी अधिक असतात. पुष्कळदा ते हात तेच असतात.

वऱ्हाडाच्या बाबतीत यात एक चमत्कारिक विसंगती आहे. हा कापसाचा मुलूख. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण ज्या पांढऱ्या सोन्यामुळे रूढ झाली, ते येथल्याच काळ्या जमिनीत पिकते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस बंद झाला, तेव्हा त्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली आगगाडी अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली होती. तिच्या डब्यांतून रुईच्या गासड्या मुंबई बंदराकडे जात. ज्या भूमीने सातासमुद्रांपलीकडील लोकांना वस्त्र पुरवले, त्या भूमीतील माणसाने बाजारातून पाव किलो मिरच्या आणण्यासाठी खनिज तेलापासून बनवलेली पिशवी मागावी, हे नवलच नव्हे काय?

परंतु यावरून कापडी पिशवी विकत घेतली की कर्तव्य संपले, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चुकीचा ठरेल. कापूस पिकवण्यास पाणी, खते आणि कीटकनाशके लागतात. सूत कातण्यास आणि कापड विणण्यास वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूंपुरते पाहिले, तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी, तेव्हा कोठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, असे त्यात आढळले. हा हिशेब तिकडच्या दुकानांचा आहे आणि त्यात नदीचे किंवा गाईचे दुःख मोजलेले नाही. तरीही तो विचार करायला लावणारा आहे. आठवडी बाजाराला दर खेपेस तीच पिशवी नेली, तर १३१ खेपा पुऱ्या होण्यास अडीच वर्षे लागतात. समारंभांत नावे छापून वाटलेल्या कोऱ्या पिशव्या घरोघरी खुंटीला लटकत असतात. त्यांतील किती पिशव्या अडीच वर्षे बाजार पाहतात?

फाटक्या सदऱ्याची किंवा जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, तर मात्र हिशेबच पालटतो. कारण त्या कापडासाठी लागलेले पाणी आणि वीज सदऱ्याने आधीच वसूल करून दिलेली असते. वऱ्हाडातील आजीला हे कोणी शिकवावे लागले नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे होई. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला आणि त्यांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामाकडे गेले. अंगावर चिंध्या जोडून केलेला झगा, हातात खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्याच गाडग्यात ते जेवत आणि त्यातूनच पाणी पीत. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. आज खराटा हाती घेऊन छायाचित्र काढून घेणारे पुष्कळ दिसतात. गाडग्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः खराटा कमी चालवावा लागेल, तो त्या गाडग्यामुळे.

आता येथे कोणी विचारील, की एका पिशवीने अकोल्याचा उन्हाळा थंड होणार आहे का? नाही होणार. तसे सांगणे म्हणजे फसवणूक होईल. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. जे कलम एरवी दंगलीच्या भयाने लावीत असत, ते उन्हाच्या भयाने लावावे लागले! कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे पुरवावेत, खाजगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर घ्याव्यात, असे आदेश निघाले. वऱ्हाडचा उन्हाळा पूर्वीपासूनच कडक, आणि एका उन्हाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरे. पण कोळसा आणि तेल जाळून निघालेल्या वायूंमुळे साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान दीडशे वर्षांत एक अंशाहून अधिक वाढले आहे, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. त्याची झळ प्रथम लागते, ती पावसावर अवलंबून असलेल्या कापूसवाल्याला आणि उन्हात काम करणाऱ्या मजुराला. ज्यांनी सर्वांत कमी धूर केला, त्यांनाच ती लागावी, यात न्याय नाही.

अकोला जिल्ह्यातच पारस येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. ते कधी आणि कसे बदलावे, हे बाजारात पिशवी घेऊन जाणारा माणूस ठरवू शकत नाही. ते शासनाने ठरवावयाचे असते. शेतीच्या पंपांना दिवसा सूर्यशक्तीची वीज देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०२३ साली नव्याने हाती घेतली. अशा योजनांचा परिणाम लक्षावधी पिशव्यांहून मोठा असतो.

प्लॅस्टिकच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे पिशव्यांनी तुंबली, म्हणून २००६ साली राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. पुढे २३ मार्च २०१८ रोजी अधिक कडक अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही पिशव्या दिसतात. दंडाची पावती भाजीवाल्याच्या हाती पडते, आणि ज्याने पिशवी तयार केली त्याच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. टोपलीभर मेथी विकणाऱ्या बाईला ५,००० रुपये म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. कायद्याचा पहिला हात कारखान्याच्या दारावर पडला पाहिजे. भाजीवालीच्या टोपलीपर्यंत मग त्याला जावेच लागणार नाही.

२०१८ च्या त्या अधिसूचनेत एक कलम फार शहाणपणाचे होते. दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे अनामत ठेवावी आणि पिशवी परत आणली की ती परत द्यावी, असे त्यात सुचवलेले होते. दुकानोदुकानी ही पद्धत काही रुजली नाही. जर्मनीत २००३ पासून पेयांच्या बाटल्यांवर अशी अनामत घेतात आणि रिकाम्या बाटल्या रस्त्यावर न पडता दुकानांत परत येतात. वऱ्हाडालाही ही कल्पना परकी नाही. सोड्याच्या काचेच्या बाटलीचे पैसे दुकानदार आधी ठेवून घेई. बाटली परत केली की ते मिळत, आणि त्या चार पैशांच्या आशेने गल्लीतली मुले रिकाम्या बाटल्या शोधत हिंडत.